रात्रपाळीची कथा

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहून पाठव असा मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती आठवीतली मराठीची वही, तिच्यात बाईंनी लाल शाईने लिहिलेला एक प्रश्न आहे, वही अजून माझ्याकडेच आहे.

बाईंनी सांगितलेलं, घरात रोज घडणारी एक गोष्ट घ्या आणि ती तशी का घडते याची पुराणकथा लिहा. मी दोन पानं भरून राक्षस, शाप, तलवारी लिहिल्या. बाई म्हणाल्या, यात तुझ्या घरातलं काय आहे रे? मग त्यांनी राहूची गोष्ट काढली. अमृत घशाखाली उतरायच्या आत मुंडकं उडालं, राहिलं नुसतं डोकं, म्हणून गिळलेला सूर्य गळ्यातून बाहेर पडतो नि ग्रहण सुटतं. ग्रहण सुटतं हे माणसांनी आधी बघितलं, कथा मागून आली. चंद्राच्या 27 बायका म्हणजे 27 नक्षत्रं, आणि त्याला आकाशात एक फेरी मारायला 27 दिवस नि वर जवळपास 8 तास लागतात, कुणीतरी रात्रीमागून रात्री नीट मोजलं असणार ना! म्हणाल्या, तूही आधी बघ.

मग मी बाबांना बघायला लागलो. बाबा कायम रात्रपाळीला. सकाळी दार हळूच लोटायचे, बॅटरी फळीवर ठेवायचे आणि बंद केलेलं बटण अंगठ्याने परत एकदा दाबून बघायचे. डोळे लालभडक. आम्हाला दुपारपर्यंत आवाज करायची बंदी, तिचा मला फार राग यायचा.

मी लिहिलं की रात्र पडू नये म्हणून ती कुणीतरी धरून ठेवावी लागते. ते काम बाबांचं. पहाटे गेटवर सूर्य येतो, रजिस्टरमध्ये सही करतो, बाबा चार्ज देतात, आणि उरलेला अंधार बॅटरीत भरून घरी आणतात म्हणून बटण तपासावं लागतं. सूर्याला इतक्या जवळून बघितल्यामुळे डोळे लाल. हे लिहिल्यावर दुपारच्या बंदीचा राग गेला तो गेलाच, मी स्वतःच बहिणीला गप्प करायला लागलो.

बाईंनी खाली लिहिलं, "साप्ताहिक सुट्टीला रात्र कोण धरतं?"

दोन दिवस उत्तर सुचेना. मग सुट्टीच्या रात्री बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले, मी पायाशी बसलो, आणि वर चंद्र होता. घरात जाऊन लगेच लिहिलं, बदलीवर चंद्र येतो, पण तो नवीन आहे, त्याला अजून रोज जमत नाही.