बिनखटक्याचा चाकू: तुम्ही विचारलंत म्हणून

"खटका नाही, मग बोटावर मिटत नाही का?" बागेत, सौद्यात, लग्नाच्या मांडवात, खिशाला अडकवलेली घडीच्या चाकूची क्लिप दिसली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा येतो, "पोलिसांनी धरलं तर?" उभ्या उभ्या उत्तरं देऊन झाली, समाधान कुणाचंच झालं नाही. म्हणून एकदा सगळं सांगतो.

मिटतो. चुकीच्या कामाला लावला तर नक्की मिटतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा रामपुरी नव्हे. रामपुरीला खटका असतो, तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. इथे मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, हीच स्प्रिंग. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. बूड सपाट घडवलेलं असतं, त्यामुळे पूर्ण उघडल्यावर आणि पूर्ण मिटल्यावर पातं तिथं ठरतं. त्याला बांधून ठेवणारं काहीच नाही, फक्त दाब.

आता द्राक्षाचं पाचर कलम घ्या, म्हणजे काडी पाचरीसारखी तासून मुळं असलेल्या खुंटाच्या चिरेत बसवणं. काडीच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटरचा सपाट उतार काढायचा असतो, आणि तो एका ओढीत निघाला पाहिजे. थांबून थांबून कापलं तर पृष्ठभाग लाटालाटांचा होतो, खुंटाच्या चिरेत पोकळी राहते आणि कलम वाळतं. या कामात जोर धारेवर येतो, म्हणजे पातं उघडण्याच्या बाजूला रेटलं जातं. तिकडे ते मुळातच टेकलेलं असतं. खटक्याला तिथे काही कामच उरत नाही. सुतळी, पोत्याची शिवण, आंबा, घड, सगळ्याला हेच लागू.

जोर पात्याच्या पाठीवर आला की सगळं उलटं होतं. टोक खुपसून भोक पाडणं, लाकडात अडकलेलं पातं हलवून काढणं, पाठीवर ठोकणं, ही कामं या चाकूची नाहीत. हे मी प्रत्येकाला सांगतो. त्यालाही सांगितलं होतं.

तो म्हणजे तासगावकडच्या एका बागेत कलमाला आलेला विशीतला पोरगा. चाकू माझा होता. काड्या छाटून झाल्या आणि लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळीला, एक ड्रिपर (पाणी ठिबकवणारी तोटी) बसवायचा राहिला होता. भोक पाडायचा पंच बांधाच्या दुसऱ्या टोकाला, चाकू हातात. त्यानं टोक नळीवर टेकवून दाबलं. नळी गोल, वरून ओली. टोक भिंतीत जेमतेम शिरून अडकलं, आणि भोक मोठं करायला त्यानं मूठ वर उचलून पुढे रेटली. टोक जागचं हलेना, मूठ पुढे गेली, म्हणजे पातं मुठीकडे वळलं. स्प्रिंग पहिल्या काही अंशांतच विरोध करते. तो टप्पा ओलांडला की अर्ध्यानंतर तीच स्प्रिंग पात्याला आत ओढते. धार तर्जनीच्या मधल्या पेराच्या घडीत आडवी बसली. रक्त फार नव्हतं. त्यामुळेच सगळे फसले.

कुणीतरी धावत जाऊन हळद आणली. हळदीच्या बाजारपेठेशेजारी राहून हे लिहिणं जड जातं, पण खोल कापलेल्या बोटात हळद भरू नका. जखम दिसेनाशी होते आणि डॉक्टरांना आधी ती धुऊन काढावी लागते. स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा, दहा मिनिटं उघडून बघू नका. मग मधलं पेर दुसऱ्या हातानं धरून फक्त टोक वाकवायला सांगा. त्याचं बोट बुडातून वाकत होतं, मध्ये वाकत होतं, टोक मात्र सरळ. आतली शीर, म्हणजे बोट वाकवणारा कंडरा, तुटली होती. कंडऱ्याचं तुटलेलं टोक तळव्याकडे आत सरकतं, म्हणून हे उद्यावर ढकलायचं नसतं. बोटाचं टोक बधिर लागलं तरी तेच, शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन. आम्ही दोन तास "वाकतंय की" म्हणत घालवले, मग मिरजेला नेलं. टोक आज निम्मंच वाकतं.

खटका असता तर बोट वाचलं असतं. हे मी आधी कबूल करत नव्हतो. मी म्हणायचो, खटका नसला की माणूस सावध राहतो. त्या पोराकडे बघून आता हे तोंडातून निघत नाही. खटक्यात माती बसली की तो अर्धवट लागतो, वरून लागल्यासारखा दिसतो, आणि बऱ्याच चाकूंत मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो, हेही तितकंच खरं. पण त्या दिवशी खटक्यात माती नव्हती, खटकाच नव्हता.

घ्यायचाच असेल तर एवढं बघा. धरायच्या जागी, पात्याच्या बुडाशी, बिनधारेची खाच असावी. पातं मिटलंच तर आधी ती बोटावर येते. मिटताना पातं काटकोनात एकदा थांबत असेल तर उत्तम. उघडून हलकेच झटका द्या, पातं हललं तर परत करा. मिटवताना पातं सोडून देऊ नका, धार आतल्या पट्टीवर आपटून बोथट होते. सांधा साबणाच्या कोमट पाण्यात उघडमीट करून धुवा, कोरडा करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. चाकवाल्या धारवाल्याकडे देऊ नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर, शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात, घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. माझं पातं तीन इंचांच्या आत आहे. हे तीन इंच इंग्लंडचे. तिथल्या १९८८ च्या कायद्यानं एवढाच, आणि न अडकणारा, घडीचा चाकू सबबीशिवाय बाळगता येतो, म्हणून क्लिपवाले बिनखटक्याचे नवे चाकू त्या मापात निघाले. आपल्याकडे मात्र जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) चा मनाई आदेश लागला की सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू त्यात येते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे तो निघतो. त्या दिवसांत चाकू घरी. तेव्हा "कलमाला लागतो" हे चौकात उभं राहून पटवत बसू नये.

त्या पोराला आता स्वतःचा पंच दिलाय, कमरेला दोरीनं बांधलेला. काड्या तो माझ्याच चाकूनं छाटतो, मधल्या बोटाचा आधार घेऊन. खटक्याचा आणून देऊ का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो हातातली काडी पुरी करून मग "नको" म्हणाला. मी आणून ठेवलाय, घरात आहे.