रॅले रोडस्टर, नोंद चौथी : हबमधलं जवस

माझ्या जुन्या रॅले सायकलचं मागचं हब, म्हणजे चाकाच्या मधला, पोटात गिअर असलेला भाग, अखेर उघडलं. दोष काय होता ते डोळ्यांच्या आधी नाकाला कळलं.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडं मागचं. पायडल मारलं की चेन फिरायची, चाक मात्र ढिम्म. तिन्ही गिअरमध्ये तेच. स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यू हबमध्ये चार पॉल असतात, आपल्याकडचे मिस्त्री फ्रीव्हीलमध्ये ज्यांना कुत्ते म्हणतात तसलेच. दोन गिअर-रिंगवर (आतून दात असलेल्या बाहेरच्या कड्यावर), दोन लहान गिअर धरणाऱ्या आतल्या पिंजऱ्यावर. केसासारखी बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते, मग ते हबच्या खाचांत अडकून चाक ओढतात. चारही आत चिकटले असणार असा अंदाज होता. डिझेल ओतून चाक आडवं ठेवलं, दोन आठवडे थांबलो. काहीही हललं नाही.

हबवर ‘५३ ४’ असा शिक्का आहे, म्हणजे ते एप्रिल १९५३ मध्ये नॉटिंगहॅमला तयार झालं. सायकल त्याच सालची असेलच असं नाही, चाकं बदलली जातात. पण चेनव्हीलमध्ये (पायडलजवळच्या दात्यांच्या चाकात) कापलेला रॅलेचा बगळा आणि रॉडचे ब्रेक पाहता दोघांच्या वयात फार अंतर नसावं.

उघडण्याआधी एक काम विसरू नका. उजवीकडच्या बॉल-रिंगला, म्हणजे बेअरिंगचे छर्रे धरणाऱ्या कड्याला, दोन तोंडांचा आटा असतो, त्यामुळे ती दोन ठिकाणी धरू शकते. परत बसवताना दुसऱ्या तोंडात गेली तर चाक मध्यावरून किंचित सरकतं. मी रिंगची खाच ज्या आऱ्यासमोर होती त्या आऱ्याला लाल दोरा बांधला. मग डावा कोन (एक्सलवरचा, बेअरिंगला टेकणारा नट) काढला, खाचेत पंच धरून उलट्या दिशेने हातोडी मारली. सातव्या-आठव्या ठोक्याला रिंग सुटली, आणि वास आला.

नव्या लाकडी पाटाला तेल लावल्यावर घरात दोन दिवस राहतो तो वास. जवसाचा.

आत ना ग्रीस, ना तेल. पॉलवर, दातांवर, स्प्रिंगवर मधाच्या रंगाचा कडक पापुद्रा होता. नखाने खरवडला तर काचेसारखा तुटायचा. जवसाचं तेल हवा लागली की वाळतं, वाळून घट्ट होतं. म्हणून तर सुतार ते लाकडाला लावतात. विदर्भात ते घरोघरी असायचं. हबवर तेल घालायची छोटी टोपी दिसते, सायकलवर जीव असलेल्या कुणीतरी ती उघडून घरातलं चांगलं तेल घातलं असणार, तेही वर्षानुवर्षं, नेमाने. मला त्या माणसाचा राग आला नाही. खोबरेल, जवस, मोहरी, खायचं कुठलंच तेल सायकलच्या पोटात घालू नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

वाळलेलं जवस डिझेलला दाद देत नाही. उपाय निघाला धुण्याच्या सोड्यात. लोखंडाच्या जुन्या घमेल्यात लिटरला दोन चमचे सोडा टाकून पाणी उकळलं आणि सुटे भाग अर्धा तास त्यात ठेवले. पाणी चहासारखं झालं, वर तपकिरी फेस आला, पॉल आपोआप सुटले. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमचा एकही भाग त्यात जाऊ देऊ नका. गरम पाण्याने धुऊन भाग गच्चीवर पसरले. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन इथे कामी येतं, दहा मिनिटांत सगळं कोरडं ठणठणीत. लगेच तेल लावावं लागतं, नाहीतर डोळ्यांदेखत गंज धरतो. (गच्चीवरची कामं मी साडेआठच्या आत आटोपतो. त्यानंतर पाना हातात धरवत नाही.)

स्वच्छ झाल्यावर दात मोजले. मधल्या गिअरला २०, त्याभोवती फिरणाऱ्या चार पिनियनना प्रत्येकी २०, बाहेरच्या रिंगला आतून ६०. तीन गिअर या आकड्यांतूनच निघतात : तिसऱ्यात वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पहिल्यात एक-चतुर्थांशाने कमी होतो. सत्तर वर्षांनंतरही दातांची धार शाबूत आहे. कदाचित त्या पापुद्र्यानेच ती राखली.

आता आत २० ग्रेडचं तेल, दोन चमचे. ग्रीस फक्त बेअरिंगला. पॉलला ग्रीस लावलं की पुन्हा तीच गत. उजवा कोन हाताने घट्ट करून अर्धा फेरा सैल सोडला.

कॉटर पिनांचं, म्हणजे पायडलचे दांडे (क्रँक) एक्सलला घट्ट धरणाऱ्या पिनांचं थोडक्यात. डावी मी घाईत हातोडीने ठोकली आणि तिचे आटे चेपले. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना दाखवायला नेलं, तर ते म्हणाले, “भाऊ, वरून काहून ठोकून राहिले तुम्ही? खालून आधार द्या ना आधी, सगळा मार छर्ऱ्यांवर जाऊन राहिला.” क्रँकखाली जमिनीपर्यंत पाइपाचा तुकडा उभा धरला, नट आट्याच्या टोकाबरोबर ठेवला, आणि उजवी दोन ठोक्यांत निघाली. डावी त्यांनी ड्रिलने काढून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. नव्या पिना साडेनऊ मिलिमीटरच्या. सपाट बाजू कानशीने थोडी-थोडी घासून बसवल्या. दोन्हींच्या सपाट बाजू एकमेकींच्या उलट नसतील तर पायडलं एका रेषेत येत नाहीत.

बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे फ्रेममध्ये पायडलचा एक्सल फिरतो त्या जागेचे, कप जुनेच ठेवले, छर्रे नवे, एका बाजूला पाव इंची ११. रॅलेच्या कपाला इंचाला २६ आटे असतात, इतरांच्या बहुतेक कपांना २४. दुकानदार “बसून जाईल” म्हणाला तरी जबरदस्ती करू नका, फ्रेमचा आटा कायमचा जाईल.

जवसाची बाटली मात्र मी घरात आणलीच. फ्रेमच्या नळ्यांत आतून गंज धरू नये म्हणून याच तेलाचा पातळ हात दिला. तिथे त्याने वाळून घट्ट व्हावं हेच हवं असतं. एक इशारा गंभीरपणे घ्या : या तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी त्या पाण्यात भिजवून, दोरीवर एकेक पसरून वाळवल्या.

टायर नागपूरच्या इतवारी बाजारात एका फेरीत मिळाले, २८ बाय दीड. परदेशातले रोडस्टरवाले याच मापासाठी हैराण असतात, आपल्याकडे ते अजून साध्या दुकानात टांगलेलं असतं.

काल संध्याकाळी गिअरची केबल लावली. लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं; आतल्या दांडीचा काठ एक्सलच्या टोकाशी समपातळीत आला की जुळलं. मग सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवलं. पुढे ४८ दात, मागे १८. पहिल्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा, आणि व्हॉल्व बरोबर दोनदा वर आला. दुसऱ्यात अडीच फेऱ्यांच्या थोडा पुढे. तिसऱ्यात साडेतीनच्या वर, आणि हात काढला तरी चाक टिक-टिक करत फिरत राहिलं. मुलगी आतून धावत आली आणि थांबेपर्यंत बघत उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात ब्रेकचे रॉड. मागच्या रॉडचा एक सांधा वाकलाय, गरम करून सरळ करायचा की दुसरा शोधायचा ते अजून ठरलेलं नाही.