एक्स्चेंजला विन्स लागतं का? एका सहीसाठी रखडलेल्या कामाचा माझा अनुभव

भोसरीच्या आमच्या ऑफिसात मेलसाठी स्वतःचा एक्स्चेंज 2019 (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आहे, आणि बाजूला कित्येक वर्षांपासून एक विन्स सर्व्हर (मशीनच्या नेटबायोस नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) चालू होता, तो नक्की कोणासाठी चालतो ते कुणालाच सांगता येईना. ऑडिटवाल्यांनी लिहून दिलं की नेटबायोस (नेटवर्कवर मशीन नावाने शोधायची विंडोजची जुनी पद्धत, विन्स तिचाच भाग) बंद करा, कारण त्याच्या ब्रॉडकास्टला, म्हणजे सगळ्यांना एकदम विचारलेल्या प्रश्नाला, कुठलंही मशीन खोटं उत्तर देऊ शकतं आणि पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) उचलू शकतं. मुद्दा बरोबरच होता.

एक्स्चेंज 2019 चं काम डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची आजची पद्धत) आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीच्या युजर आणि मशीनची मध्यवर्ती नोंद) यांवर चालतं, एवढं समजायला वेळ लागला नाही. अडकलं ते हेड ऑफिसच्या चेंज रिक्वेस्ट फॉर्ममध्ये. त्यात एक रकाना होता, मेलवर परिणाम होणार नाही याची व्हेंडरकडून लेखी खात्री. व्हेंडरला फोन केला की एकच उत्तर, "साहेब, चालतंय ना, मग हात कशाला लावता?" लेखी मागितलं तर त्याने मायक्रोसॉफ्टचा जुना लेख पाठवला, एक्स्चेंजला नेटबायोस लागतं असं सांगणारा. तो लेख खरा आहे हो, पण एक्स्चेंज 2000 आणि 2003 साठीचा! आणि 2003 चा सपोर्ट एप्रिल 2014 लाच संपलाय. हे मी हेड ऑफिसला कळवलं तर तिकडून उत्तर की व्हेंडरचं पत्र जोडा. पत्र देणारा देईना आणि पत्राशिवाय सही करणारा सही करेना, फॉर्म नुसता या टेबलावरून त्या टेबलावर, अजूनही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी पत्राचा नाद सोडला आणि पुरावाच गोळा केला. विन्स सर्व्हरवर वायरशार्क (नेटवर्कवरचं ट्रॅफिक टिपणारं सॉफ्टवेअर) लावलं, यूडीपी 137 चं, म्हणजे नेटबायोस नावांच्या पोर्टचं, ट्रॅफिक पकडलं. इथे एक लक्षात ठेवा, एक्स्चेंज सर्व्हर विन्समध्ये स्वतःचं नाव रजिस्टर करताना दिसेल, त्याने घाबरू नका, नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये विन्सचा पत्ता असला की कुठलाही विंडोज सर्व्हर ते करतो. बघायच्या त्या क्वेरी, म्हणजे कोण कोणाचं नाव विचारतंय. आमच्याकडे मेल सर्व्हरचं छोटं नाव विचारत होते फक्त शॉप फ्लोअरवरच्या सीएमएम (पार्टची मापं तपासणाऱ्या) मशीनचे पीसी! ते कंपनीच्या डोमेनमध्ये नाहीत, आयपी स्टॅटिक, डीएनएस सफिक्स (छोट्या नावामागे जोडलं जाणारं डोमेनचं नाव) नाही, सबनेट वेगळं म्हणून ब्रॉडकास्टही पोचत नाही, त्यामुळे इन्स्पेक्शन रिपोर्टचे मेल विन्सच्या जिवावर जात होते. बाकी ऑफिसचे पीसी डोमेनमधले, त्यांना सफिक्स आपोआप लागतो. त्या पीसींच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव टाकलं आणि त्या क्वेरी थांबल्या.

तो कॅप्चर, मशीनची यादी, आणि विंडोज सर्व्हर 2025 ही विन्स असलेली शेवटची आवृत्ती असल्याचं मायक्रोसॉफ्टचं पान, एवढं जोडल्यावर सही झाली. व्हेंडरच्या पत्राशिवाय झाली याचं मला खरंच समाधान आहे.

हो, डीएचसीपीमध्ये (पीसींना आयपी पत्ता आपोआप देणारी सेवा) ऑप्शन 44 मधून विन्सचा पत्ता वाटला जात असतो, तो आधी काढा. मग सर्व्हिस नुसती थांबवा, विन्सचा रोल (सर्व्हरवर इन्स्टॉल केलेला भाग) लगेच उडवू नका, आणि कॅप्चर महिनाअखेरीलाही लावा, काही रिपोर्ट तेव्हाच निघतात.