एकशे सोळाचं भूत

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी वटवाघूळ घेतलंय हे घरी कळलं, आणि दहा मिनिटांत आईचा फॉरवर्ड आला. २०२१ची बातमी. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, निपाह विषाणूच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. बातमी खरी होती. त्यात फळं खाणाऱ्या जातीबरोबर एका कीटकभक्षी जातीचंही नाव होतं, त्यामुळे 'अगं, माझी तर किडे खाणारी आहेत' हा माझा बचाव काही टिकला नाही. शेवटी तह झाला: रेबीजची तीन इंजेक्शनं आधीच घ्यायची (पहिल्या दिवशी, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या), एन-९५ मास्क, आणि कशालाही हात लावायचा नाही. हात लावायचा माझाही विचार नव्हताच. मला फक्त आवाज हवे होते.

जागेचं नाव मुद्दाम देत नाही. वटवाघळांची वस्ती कुठे आहे हे जगजाहीर झालं की तिथे टॉर्च आणि मोबाइल घेऊन माणसं पोचतात. मुंबईतच आहे, डोंगराच्या पोटात खोदलेली जुनी कोठारं आहेत, आणि बाहेर रखवालदाराची खोली, एवढं पुरे.

जागा सरकारी ताब्यातली, म्हणून अर्ज. विषय लिहिला होता, 'कीटकभक्षी वटवाघळांच्या ध्वनींचे मुद्रण करण्यास परवानगी मिळणेबाबत'. आवक नोंदीत तो 'पक्षी निरीक्षणाबाबत' असा चढला आणि फाइल भलत्याच टेबलावर गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, वटवाघूळ कशाला, दम्याच्या औषधाला का? गंमत करत नव्हते ते, कोणासाठी तरी खरंच हवं असावं. मी त्यांना सांगितलं की फळं खाणारी वटवाघळंसुद्धा आता वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या यादीत राहिलेली नाहीत, २०२२च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची यादीच गेली. हे बोलायला नको होतं. फाइल आणखी एका टेबलावर गेली. सात आठवडे लागले. परवानगी मिळाली ती सहा रात्रींची, दाराबाहेरून.

दाराबाहेरून हे मला बरंच वाटलं. मदुराईला चंद्रशेखरन आणि मरिमुथू यांनी ज्या जातीवर काम केलं, श्नायडरचं पर्णनासिक वटवाघूळ, हिपोसिडेरॉस स्पिओरिस, तीच इथे असावी असा माझ्या गाइड मॅडमचा अंदाज होता. त्या लोकांचा १९८१चा पेपर वाचून मी चाट पडले होते. गुहेच्या आत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला बाहेरचा उजेड दिसत नव्हता, तरी त्याचं रोजचं घड्याळ बरोबर चालायचं, कारण आजूबाजूच्या मोकळ्या वटवाघळांची ये-जा त्याला कळत होती. एकटं ठेवलं की घड्याळ सरकायला लागायचं. एकमेकांच्या चाहुलीवर जगणाऱ्यांच्या घरात आपण कशाला खुडबुड करा!

रेकॉर्डर म्हणजे ऑडिओमॉथ, काडेपेटीहून थोडा मोठा, तीन पेन्सिल सेलवर चालणारा. माझ्याकडे ३२ जीबीचं एकच कार्ड होतं. आवाजाचे सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेतले तर मिनिटाला ४६ एमबी जातात. अडीच लाख घेतले तर ३०. सीनिअरची जुनी सेटिंग अडीच लाखाची होती, इमारतींभोवती फिरणाऱ्या पिपिस्ट्रेल वटवाघळांसाठी वापरलेली. कार्ड वाचेल म्हणून मी तीच ठेवली. हिशेबी घरातली मुलगी ना.

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने दारातून काहीतरी भुर्रकन गेलं. मग दुसरं. मग मोजता येईनात. दहा-अकरा ग्रॅमचा जीव, दोन दहाच्या नाण्यांपेक्षाही हलका, चेहऱ्यावरून सुटतो तेव्हा वाऱ्याची एक थंड रेघ तेवढी जाणवते. रखवालदार काका खुर्चीतून म्हणाले, "पाकोळ्या. आमच्या गावाला पाकोळ्याच म्हणतात." मला एकही आवाज ऐकू आला नाही, आणि कार्ड मात्र भरत होतं.

चौथ्या रात्री घरी येऊन दोनला लॅपटॉपवर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडला. पडदाभर एकसारख्या आडव्या रेघा, नीट ११६ किलोहर्ट्झवर. मी पुस्तकं उघडली. श्नायडरचं वटवाघूळ १३०च्या आसपास ओरडतं. हे त्याहून बरंच खाली. अश्वनाल वटवाघळांच्या छोट्या जाती शंभराच्या पुढेमागे असतात. म्हणजे ही कुठलीतरी बारकी अश्वनाल, कदाचित मुंबईत कोणी नोंदवलीच नसेल अशी! झोप लागेना. चारही रात्रींच्या फाइली पाहिल्या, सगळीकडे ११६. 'मुंबईतील पहिली नोंद' असं नाव देऊन मी एक फोल्डरसुद्धा केला. तो फोल्डर अजून आहे, काढवत नाही.

मॅडमनी पडदा बघितला, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "शेपूट वर कशी?"

रेघेच्या शेवटी एक छोटी कमान होती, वर चढून मग खाली आलेली. मी ती पाहिली होती आणि सोडून दिली होती. पर्णनासिक वटवाघूळ एक सूर धरतं आणि शेवटी झपकन खाली येतं. अश्वनालही शेवटी खालीच येतं, शिवाय त्याचा सूर चांगला लांब असतो, तीस-चाळीस मिलिसेकंद आणि वर. माझ्या रेघा होत्या सात मिलिसेकंदांच्या. वर चढणारी शेपूट दोघांचीही नाही.

"नमुने किती घेतलेस?"

"अडीच लाख."

"मग तुझी कमाल मर्यादा किती?"

नमुन्यांच्या निम्मी, १२५ किलोहर्ट्झ. त्यावरचा आवाज रेकॉर्डरला समजत नाही, पण तो गप्पही बसत नाही. मर्यादेच्या रेषेवर घडी घालून तेवढाच खाली दाखवतो. आरशात दिसावं तसं. म्हणून खाली येणारी शेपूट वर जाताना दिसली, आणि घडीची रेषा ओलांडून खरोखर १२५च्या खाली आली तेव्हा कुठे सरळ दिसायला लागली. मॅडमनी वहीच्या कोपऱ्यात लिहिलं: २५० वजा ११६. उत्तर १३४.

मला रडू आलं नाही, भूक लागली. कॅन्टीनमध्ये दोन वडापाव खाल्ले आणि ६४ जीबीचं कार्ड घ्यायला गेले. दोन रात्री शिल्लक होत्या.

त्यातल्या एका रात्री पावसाने घोळ घातला. दार जवळजवळ शांतच राहिलं. शेवटच्या रात्री ३ लाख ८४ हजारांवर लावला. १३४वर सरळ रेघ, शेवटी खाली झपकन शेपूट. जात तीच, मॅडम म्हणाल्या होत्या ती. नुसत्या आवाजावर जात पक्की करू नये म्हणून परतणाऱ्या एकाचा फोटोही मिळवला, लांबून, भिंतीवर टेकलेल्याचा. नाकावरच्या पानासारख्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक पाकळ्या मोठं करून पाहिल्यावर मोजता आल्या. याच नाकातून तो सूर सुटतो. सूर एकच धरलेला असला की फडफडणाऱ्या पतंगाच्या पंखांमुळे प्रतिध्वनी थरथरतो, आणि पानाफांद्यांच्या गर्दीत भक्ष्य वेगळं ओळखू येतं.

सामान आवरताना काका म्हणाले, "एवढे दिवस बसलीस, आम्हालापण ऐकव की."

मी आवाज दहापट सावकाश करून मोबाइलवर लावला. १३.४ किलोहर्ट्झ, मला कानात टोचत होता. काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांच्या वयाला एवढा वरचा सूर पोचत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग वीसपट सावकाश केला. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले.

"अगं, ही तर माझ्या कुलपाची किल्ली," ते म्हणाले. "अशीच करकरते." मग दरवाजाकडे बघून, "पुढच्या वेळी येशील तर शिवणाच्या मशीनचं तेल आण थोडं."

मी म्हटलं, काका, परवानगी संपली.

"तेलाला कसली परवानगी?"