भिंतीवरचे ग्रीनलँड

आमच्या जेवणाच्या टेबलामागे भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा आहे. जूनमधल्या वह्या-पुस्तकांच्या गर्दीत अप्पा बळवंत चौकातून तो मुलीसाठी आणला होता, पण आमटीभात कालवता कालवता तो न्याहाळण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असते आणि नजर हमखास ग्रीनलँडवर जाऊन थांबते.

त्या नकाशावर जगातले हे सर्वांत मोठे बेट आफ्रिकेच्या तोडीचे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. यात छापणाऱ्याचा दोष नाही. १५६९ साली मर्केटरने दर्यावर्दींसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात दिशांचे कोन अचूक राखण्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश ताणावा लागतो, आणि ज्यांना जहाज कधी हाकायचे नाही अशा आपल्यासारख्यांच्या भिंतींवरही तीच ताणाताण येऊन बसते. अर्थात, हा फुगवटा काढून टाकला तरी ग्रीनलँडचे सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर उरतातच, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग बर्फाखाली आहे, हा थर काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड आहे, आणि एवढ्या विस्तारात राहणारी माणसे जेमतेम ५६-५७ हजार. आमच्या एकट्या कोथरूडमध्ये याच्या कितीतरी पट लोक राहतात.

क्षेत्रफळाच्या यादीत पुढे न्यू गिनी आणि बोर्निओ येतात. जावा मात्र पहिल्या दहांतही नाही. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या त्या बेटावर १५ कोटींहून अधिक माणसे राहतात, त्यामुळे निव्वळ चौरस किलोमीटर मोजून लावलेले हे क्रमांक मला फारसे पटत नाहीत.

मला खरे कुतूहल चौथ्या क्रमांकाच्या मादागास्करचे आहे. हा भूभाग एकेकाळी भारताला जोडलेला होता आणि तो सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला. पर्वती ज्या काळ्या कातळावर उभी आहे, तो कातळ त्यानंतर अडीच कोटी वर्षांनी लाव्हा थिजून तयार झाला. पुढे या बेटावर माणूस आला तो केवळ ४०० किलोमीटरवरच्या आफ्रिकेतून आला असेल, असे कुणालाही वाटेल. आफ्रिकेतूनही लोक आले, पण मादागास्करमध्ये बोलल्या जाणाऱ्या मालागासी भाषेचे सर्वांत जवळचे नातलग सापडतात ते थेट बोर्निओच्या आग्नेय भागात. तिसऱ्या क्रमांकाच्या बेटाकडची माणसे होड्यांतून अख्खा हिंदी महासागर ओलांडून चौथ्या क्रमांकाच्या बेटावर वस्तीला गेली, भाताची शेती करू लागली आणि आजही तिथे जेवण म्हणजे मुख्यतः भातच. बेट म्हणजे चहूबाजूंनी तोडलेला मुलूख, ही आपली समजूत या एका प्रवासापुढे टिकत नाही.

सुमात्राचा तर आमच्या जिल्ह्याशीही संबंध आहे. त्या बेटावर टोबा नावाचे सरोवर आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाने जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठले. सरोवरात पुन्हा सामोसिर नावाचे बेट, आणि ते पुणे महापालिकेच्या हद्दीहून मोठे! टोबाची राख वाऱ्याबरोबर भारतभर पसरली. जुन्नर तालुक्यातील बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या काठच्या गाळात तिचा थर मिळाला, आणि त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. राख टोबाची, इथपर्यंत ठीक. पण ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याच ज्वालामुखीच्या त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर हत्यारांचे वय ठरणार असल्याने अभ्यासकांत बराच वाद झाला. त्यात आमच्या डेक्कन कॉलेजचे संशोधकही होते. तेव्हा तो चटकन मिटेल, अशी अपेक्षा निदान पुण्यात तरी कुणी केली नसावी.