डबीतलं मीठ

आठ महिन्यांपूर्वी ज्यांना मी स्वतः आहाराचा कागद हातात देऊन घरी पाठवलं होतं, ते रामबागेतले काका मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी व्हीलचेअरवरून परत आले.

छातीत दुखत नव्हतं. घामही नव्हता. "पायात जीवच नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. सकाळी पलंगावरून उठायला गेले आणि दोन्ही पाय मुडपले. सिस्टरनी नाडी बघितली तर चाळीसच्या आसपास. हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस, डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत स्टेंट, त्यात नाडी इतकी मंद. घरच्यांनी दुसरा अटॅक आला असंच धरलं होतं. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत होती, जप चालला असावा.

मी आमच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. इंदूरमध्ये या कामाला मला एकोणीस वर्षं झाली. ईसीजी वाचणं माझं काम नाही, पण सीसीयूच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाच्या, आसपास इतकी वर्षं काढल्यावर काही आकृत्या डोळ्यांत बसतात. काकांच्या कागदावरच्या टी-वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी येणाऱ्या लाटा, उंच, अरुंद आणि टोकदार होत्या, ओळीने तंबू ठोकावेत तशा. ज्युनिअर डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट येण्याची वाट न बघता सरांना हाक मारली. थोड्या वेळात रिपोर्ट आलाच. पोटॅशियम ७.२. ते साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असायला हवं.

पुढची पंधरा मिनिटं मी एका कोपऱ्यात उभी राहून बघत होते. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाच्या पेशी तेवढ्यापुरत्या सावरतात. मॉनिटरवरच्या ठोक्याच्या मुख्य लाटा रुंद झाल्या होत्या, त्या डोळ्यांदेखत आवळत गेल्या. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जावं. तोंडाला सालब्युटामॉलचं नेब्युलायझर, तेही त्याचसाठी. सरांनी केसपेपर उलटला, दोन गोळ्यांवर काट मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "औषधांचं मी बघतो. घरी काय खातात ते आत्ताच्या आत्ता विचारून या."

बाहेर बाकावर सूनबाई बसल्या होत्या. देवासची मुलगी, इथे एका शाळेत शिकवते. मला बघताच उठल्या आणि पर्समधून दोन गोष्टी काढल्या. एक दोनशे पानी वही, आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला एक कागद.

"ताई, माझं काही चुकलं का हो? तुमच्या कागदावर आहे तेच करतेय मी."

कागद माझाच होता. खाली माझी सही होती.

त्या कागदामागची गोष्ट सांगायला हवी. काकांचं वय ५८. त्यांचे वडील ५२ व्या वर्षी हार्टनेच गेले. काकांना बारा वर्षांचा मधुमेह, पोट सुटलेलं, बँकेतल्या नोकरीत तंबाखूची सवय लागलेली. रात्री जेवण झाल्यावर मित्रांबरोबर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, चक्कर, आणि सकाळी पोहे. इंदूरचे पोहे वाफेवरचे, त्यांना फारसं तेल नसतं. पण त्यांच्यावर मूठभर शेव येते, जीरावन मसाला येतो, बाजूला जिलबी असतेच. शेवेच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेलच असतो आणि जीरावनात काळं मीठ. रविवारी दाल-बाफले, आणि बाफला तर तुपात बुडवूनच खायचा. २००४ मध्ये ५२ देशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, इंटरहार्ट नावाचा. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, ताण, भाज्या-फळं न खाणं, व्यायाम नसणं अशा मोजक्या नऊ गोष्टींत पहिल्या अटॅकची बहुतेक जोखीम सापडते, असं त्यात दिसलं. दक्षिण आशियातल्या माणसांना तो अटॅक इतरांपेक्षा लवकर येतो, हेही. त्यातल्या किती खुणा काकांना लागू होत्या हे मी तेव्हा त्यांच्यासमोरच बोटांवर मोजून दाखवलं होतं.

काकांनी ऐकलं होतं. तंबाखू सुटली, सराफा सुटला. सूनबाईंच्या वहीत रोजचं पान होतं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, किती चमचे तेल, किती पोळ्या, साखर किती आली. इतकं जीव लावून केलेलं पथ्य मी क्वचित पाहिलं आहे. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं होतं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ वर आलं होतं.

मी वही वाचत गेले. सकाळी दोन केळी. अकराला नारळपाणी. जेवणाआधी भाज्यांचं सूप. "भाज्या उकडल्या की पाणी फेकत नाही मी, सगळं सत्त्व त्यात असतं ना. त्याचंच सूप करते." चार वाजता टोमॅटो-काकडी, रात्री पालकाची पातळ भाजी. आणि शेवटच्या तीन दिवसांत नारळपाणी एकाचं चार झालेलं. उन्हाने जुलाब लागले होते म्हणून.

"आणि मीठ?"

"साधं मीठ तर घरात येतच नाही आता. आधी सैंधव आणलं होतं."

सैंधवाबद्दल मला रोज सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगते. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रंग वेगळा, भाव वेगळा, उपासाला चालतं हा मान वेगळा. रक्तदाबाच्या हिशेबात ते मीठच.

"मग किराणेवाले भैया म्हणाले, हार्टवाल्यांसाठी वेगळं मीठ येतं, कमी सोडियमचं. दोन महिने झाले, तेच वापरतो. पण बाबांना ते अळणी लागतं. म्हणून मग थोडं जास्त घालते. कमी सोडियमचंच आहे, तर काय होणार, असं वाटलं मला."

मी त्यांच्या नवऱ्याला म्हटलं, "दादा, घरी जाऊन ते पाकीट घेऊन या. आणि ज्यात मीठ काढून ठेवता ना, ती डबीही." रामबाग जवळच. वीस मिनिटांत ते परत आले. स्टीलची झाकणाची डबी, आत लाकडी चमचा. मी डबी उघडली. दिसायला साध्या मिठासारखंच. बोटाला लावून चाखलं तर आधी खारट आणि मग जिभेच्या मागे किंचित कडवटपणा. तो कडवटपणा पोटॅशियम क्लोराइडचा. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं. सूनबाईंनी ते वाचलं होतं. "पण बाबांना तर हार्टचा त्रास आहे, किडनीचा नाही," त्या म्हणाल्या.

तिथेच बसून मी हिशेब मांडला. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५२० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. दिवसाला दीड चमचा ते मीठ धरलं आणि त्यातला चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा धरला, तर नुसत्या मिठातून हजार मिलिग्रॅम पोटॅशियम. एका शहाळ्यातून पाचशेच्या आसपास, अशी चार. केळी, सूप, टोमॅटो, डाळी, पालक. बेरीज पाच हजारांच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला रोज निदान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यायला सांगते, कारण त्याने रक्तदाब उतरतो. धडधाकट मूत्रपिंडांनी हा जास्तीचा भार लघवीवाटे बाहेर काढला असता. काकांची मूत्रपिंडं मधुमेहाने आधीच थकलेली होती, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं होतं, आणि मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन त्या दिवशी २.९ होतं.

त्यात त्या दोन गोळ्या. रामिप्रिल पहिल्यापासून चालू होती. स्पायरोनोलॅक्टोन दोन महिन्यांपूर्वी लागली, हृदयाची पंपिंगची ताकद कमी राहिली म्हणून. दोन्ही गोळ्या अंगातलं पोटॅशियम धरून ठेवतात. गोळ्या योग्यच होत्या. १९९९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की कमजोर हृदयाच्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिली तर मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटतो. मग सगळीकडे ती लिहून दिली जाऊ लागली. आमच्या सरांनी मला त्या दुपारी पुढचा भाग सांगितला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात नंतर मोजलं, तर अशाच कमजोर हृदयाच्या रुग्णांत पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ पर्यंत ११ वर गेलं. म्हणजे गोळी जीव वाचवते, फक्त तिच्यामागोमाग रक्ताची तपासणी आणि ताटाची चौकशी व्हायला हवी.

ताटाची चौकशी माझं काम आहे. ती गोळी लागली तेव्हा मला कुणी कळवलं नाही, कारण आमच्याकडे तशी रीतच नव्हती. फॉलोअपला आलेला रुग्ण डॉक्टरांना भेटतो, औषधं घेतो आणि जातो. पण दोष तेवढ्यावर ढकलून मला झोप लागली नसती. माझ्या कागदावर "मीठ कमी करा" एवढंच होतं. त्याऐवजी काय वापरू नये, हे नव्हतं. "फळं, भाज्या, नारळपाणी भरपूर" असं छापलेलं होतं, सगळ्या हार्टच्या रुग्णांसाठी एकच. क्रिएटिनिन किती, गोळ्या कोणत्या, याला त्या कागदावर जागाच नव्हती. एका बाईने त्यातला शब्द न् शब्द पाळला होता.

मी हे सूनबाईंना तसंच सांगितलं. "तुमचं चुकलं नाही. कागद अपुरा होता, आणि तो माझा आहे." त्या रडल्या. मग वही पुढे करून म्हणाल्या, "आता काय करू ते लिहून द्या. नीट लिहा."

त्या मिठाला मी वाईट म्हणणार नाही. चीनमध्ये सहाशे खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षं अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या मिठाऐवजी असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले, मृत्यूही कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाच्या बाजूने शिफारस केली, मात्र मूत्रपिंडं अधू असलेल्यांना त्यातून स्पष्ट वगळलं. बहुतेक घरांत ते मीठ चांगलंच. काकांच्या घरात ते नको होतं.

संध्याकाळी लघवी पुरेशी होईना, तेव्हा एकदा डायलिसिस करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशियम ५.१. काकांच्या पायात जोर आला होता. मी गेले तर म्हणाले, "ताई, दोन महिने अळणी खातोय, त्याचं हे फळ का?" मला काही उत्तर सुचलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ.

तिसऱ्या दिवशी सूनबाई, काकू आणि मी वही घेऊन बसलो. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. काकूंना ते पटायला वेळ लागला, त्यांच्या आईनेही कधी भाजीचं पाणी टाकलं नव्हतं. शहाळं सध्या बंद. केळ्याऐवजी सफरचंदाची फोड, पेरू नको, पपई नको, असं एकेक फळ घेऊन आम्ही ठरवलं. मीठ साधंच, पण मोजून, आणि चव येण्यासाठी जिरं, मिरी, आलं, लसूण, थोडं लिंबू. पोह्यांवर शेवेऐवजी भाजलेले शेंगदाणे घालू का, असं काकूंनी विचारलं. शेंगदाण्यांतही पोटॅशियम असतं, म्हणून दहा-बारा दाणे, जास्त नको. पोहे मात्र चालतील म्हटल्यावर पलंगावरून काकांनी मान डोलावली. दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि आकडा वहीत लिहायचा, हेही ठरलं. नव्या कागदावर मी आता सर्वांत वर दोन रिकाम्या ओळी ठेवल्या आहेत, क्रिएटिनिनची आणि पोटॅशियमची. त्या भरल्याशिवाय खाली सही करत नाही.

सगळं आवरून उठणार तेवढ्यात सूनबाईंनी ती स्टीलची डबी हातात घेतली आणि थबकल्या.

"ताई, दोन किलोची पाकिटं आणली होती. त्यातलं अर्धं मी शेजारच्या आजींना दिलंय. त्यांनाही बीपी आहे ना."

"गोळ्या कोणत्या घेतात त्या?"

"ते नाही माहीत."

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आजींनी चष्मा शोधला, औषधांचा डबा काढला. मग पलीकडून त्या एकेका पट्टीवरचं नाव अक्षर जुळवत वाचू लागल्या, आणि मी वहीच्या कोऱ्या पानावर लिहून घेऊ लागले.