ताईचे पैसे इटलीत अडकले तेव्हा

गणपतीला ताई देवगडला आली तेव्हा खळ्यात बसून सांगत होती, ती जर्मनीत राहते ना, तर इटलीतल्या एका ऑनलाइन दुकानातून मिक्सर मागवला तो फुटका आला, मेलला उत्तर नाही, पैसे अडकले. मग कोणीतरी जर्मनीतल्याच केल नावाच्या गावातलं युरोपियन कन्झ्युमर सेंटर, म्हणजे ग्राहकांना मदत करणारं केंद्र, सुचवलं, सल्ला आणि तक्रार दोन्ही फुकट. २००५ पासून अशा सेंटरांचं हे नेटवर्क आहे, युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलँड सगळीकडे. तुमच्या देशातलं सेंटर दुकानाच्या देशातल्या सेंटरला कळवतं आणि ते थेट दुकानदाराशी बोलतं, हे मला फारच आवडलं! सक्ती नाही करता येत त्यांना, तरी ताईला पैसे मिळाले, बिल, फोटो, मेल सगळं जपलं होतं तिने. आपल्याकडे ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, तोही फुकट, काकांच्या बिघडलेल्या पंपासाठी कालच लावला मी.